मोटरसायकल शर्यतीची कारकीर्द: या चुका टाळा

परळमधील माझ्या गॅरेजमध्ये दर महिन्याला दोन-तीन तरुण येतात, कोणी डोंबिवलीहून, कोणी वसईहून, एखादा थेट अलिबागहून, आणि चहा येण्याआधीच सांगून टाकतात की त्यांना व्यावसायिक रेसर व्हायचे आहे. मी स्वतः नऊ हंगाम राष्ट्रीय पातळीवर शर्यती केल्या आणि त्यानंतरची पंधरा वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या शर्यतीसाठी तयार करण्यात घालवली आहेत. या सगळ्या काळात अंगात गुण नाहीत म्हणून बाहेर पडलेली मुले मला मोजकीच आठवतात. बाकीची सगळी घाईमुळे बाहेर पडली, आणि त्यांच्या चुका इतक्या सारख्या होत्या की त्या लिहून काढणे मला माझे कर्तव्य वाटते.

पहिली गाडीच मोठी घेणे

ही चूक सर्वांत महाग पडते आणि सर्वांत जास्त वेळा होते. कळव्याच्या एका मुलाने पहिल्यांदा ट्रॅकवर उतरण्यासाठी कर्ज काढून १००० सीसीची गाडी घेतली. मी त्याला दोनदा अडवले. त्याचे म्हणणे असे की शेवटी मोठीच गाडी चालवायची आहे, तर मधल्या पायऱ्यांवर पैसे का घालवायचे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर आम्ही एकत्रच गेलो होतो. सरळ रस्त्यावर त्याच्यापुढे कोणी नव्हते. मात्र प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी तो ब्रेक दाबत होता, वळणात गाडी नीट झुकवायला घाबरत होता आणि बाहेर पडताना पुन्हा थ्रॉटल पिळून गेलेला वेळ भरून काढत होता. मागच्या वळणावळणांच्या भागात १६५ सीसीच्या गाडीवरचा एक शाळकरी मुलगा त्याला दर फेरीत गाठत होता. चौथ्या सत्रात त्या शाळकरी मुलाला मागे ठेवायचेच, अशा ईर्ष्येने त्याने गाडी झुकलेली असतानाच थ्रॉटल उघडला. मागचे चाक घसरले, घाबरून त्याने थ्रॉटल एकदम सोडला, टायरने अचानक पकड घेतली आणि गाडीने त्याला वरच्या वर फेकून दिले. यालाच हाय-साइड म्हणतात. मुलगा सुदैवाने खरचटण्यावर सुटला. गाडीची चौकट वाकली होती. त्यानंतर तीन वर्षे तो त्या गाडीचे हप्ते भरत राहिला आणि पुन्हा कधी ट्रॅकवर आला नाही.

मोठ्या इंजिनाची ताकद वळणात झालेली चूक झाकते, आणि झाकलेली चूक कधी दुरुस्त होत नाही. लहान गाडीत वळणात घालवलेला वेग परत मिळवायला इंजिनात ताकदच नसते, त्यामुळे ब्रेक नेमका कोठे सोडायचा, वळणाच्या आतल्या टोकाला गाडी कधी पोचली पाहिजे आणि तेथून नजर कोठे गेली पाहिजे, हे शिकण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय थ्रॉटलची चूक लहान गाडी पुष्कळदा माफ करते. चेन्नईच्या जगन कुमार यांनी १६५ सीसी वर्गात एकापेक्षा अधिक राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आहेत, आणि ते वर्षानुवर्षे त्याच वर्गात अव्वल राहिले, हे मी प्रत्येक नवोदिताला सांगतो.

माझ्याकडे येणाऱ्या मुलाला मी किमान एक पूर्ण हंगाम १५० ते १६५ सीसीच्या गाडीवरच बसवतो, आणि जमल्यास एखाद्या कंपनीच्या वन-मेक स्पर्धेच्या निवड चाचणीला पाठवतो. टीव्हीएसने आपल्याकडे १९९४ पासून ही पद्धत रुजवली. सगळ्यांची गाडी सारखीच असल्यामुळे हरल्यावर गाडीला दोष देण्याची सोय राहत नाही, आणि स्वतःची खरी पातळी पहिल्याच दिवशी कळते. ज्यांना ती कळून घ्यायची नसते, ते या चाचण्या टाळतात. अशा मुलांबरोबर काम करणे मी आता थांबवले आहे.

रस्त्याला ट्रॅक समजणे

मुंबईला स्वतःचा ट्रॅक नाही, ही आपली खरी अडचण आहे, आणि त्यातून बीकेसीच्या, वांद्रे रेक्लमेशनच्या किंवा पाम बीच रोडच्या रात्रींना सराव म्हणण्याची सवय जन्माला आली. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि त्यात रस्त्यावरचा निरपराध माणूस मरू शकतो, एवढे कारण खरे तर पुरेसे असायला हवे. तरीही ज्यांना केवळ कारकीर्दीच्या भाषेत समजते, त्यांच्यासाठी सांगतो की सरळ रस्त्यावर थ्रॉटल उघडून कोणी रेसर झालेला नाही, आणि खंडाळ्याच्या घाटात रविवारी पहाटे काढलेल्या वळणांतूनही फारसे काही शिकता येत नाही. तेच वळण, त्याच वेगाने, एका वेळी एकच गोष्ट बदलून वीस वेळा घेता आले, तरच त्याला सराव म्हणता येते. घाटात प्रत्येक वळणावर खडी वेगळी, समोरून येणारी एसटी वेगळी, आणि मनात राखून ठेवलेली भीती रास्तच असते.

पैसे वाचवून वर्षातून चारच दिवस ट्रॅकवर जाता आले तरी चालेल, पण ते दिवस खरे असावेत. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे साधारण २.१ किलोमीटरचा आहे आणि लहान गाडीसाठी मला तो शिकायला फार चांगला वाटतो. उरलेल्या दिवसांत पुण्याकडे मातीवर हलकी गाडी चालवावी. घसरणाऱ्या मागच्या चाकाची भीती तेथेच जाते, कमी वेगात आणि कमी खर्चात.

दुखापत लपवणे

या चुकीबद्दल मी अधिक लिहिणार आहे, कारण ती मी स्वतः केली.

माझ्या तिसऱ्या हंगामात शुक्रवारच्या सरावात पुढच्या चाकाची पकड सुटून मी पडलो आणि डावा तळहात जमिनीवर टेकला. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचे काजूएवढे हाड असते. अंगठा ताणल्यावर तेथे जो खळगा दिसतो, त्यात दाबल्यावर मला कळ येत होती. ट्रॅकवरच्या डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी हसून मूठ वळवून दाखवली, कारण खरे सांगितले असते तर रविवारी ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुरू होण्याच्या रांगेत, उभे राहता आले नसते. रात्री मुक्कामाच्या खोलीत मनगटाला पट्टी आवळली, वेदनाशामक गोळ्या घेतल्या आणि रविवारी सहावा आलो. त्या सहाव्या क्रमांकाचा मला आठवडाभर अभिमान होता. मुंबईत परतल्यावर काढलेल्या एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही, म्हणून मी पुढची शर्यतही केली. हे हाड पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही आणि त्याला होणारा रक्तपुरवठाही मर्यादित असतो, त्यामुळे वेळेवर प्लास्टर न घातल्यास ते जुळत नाही, हे मला पाच महिन्यांनी कळले. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तेथे बसवावा लागला, स्क्रू घालावा लागला, पुढचा सगळा हंगाम गेला. डावा हात म्हणजे क्लचचा हात. शर्यतीच्या उत्तरार्धात तो आजही बधिर होईल, इतके नुकसान त्या एका रविवारने केले.

मुले मला मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक मालिकेतील लोरेंझोचे उदाहरण देतात. २०१३ मध्ये नेदरलँड्समधील आसेन येथे गुरुवारी गळपट्टीचे हाड मोडले असताना होर्हे लोरेंझो विमानाने बार्सिलोनाला गेला, शस्त्रक्रिया करून घेतली आणि शनिवारी शर्यतीत पाचवा आला. हे सगळे खरे आहे. पण पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. दोनच आठवड्यांनी जर्मनीत सरावात तो पुन्हा पडला, हाडावर बसवलेली धातूची पट्टी वाकली आणि ती शर्यत त्याला सोडावी लागली. त्या वर्षीचे विजेतेपद त्याने अवघ्या ४ गुणांनी गमावले. त्याच मालिकेतील मार्क मार्केझने १९ जुलै २०२० रोजी स्पेनमधील हेरेस येथे उजव्या दंडाचे हाड मोडून घेतले आणि शस्त्रक्रियेनंतर त्याच आठवड्यात पुन्हा गाडीवर बसण्याचा प्रयत्न केला. नंतर हाडावर बसवलेली धातूची पट्टी तुटली, त्याचा तो अख्खा हंगाम गेला, आणि २०२२ मध्ये त्याच दंडावर चौथी शस्त्रक्रिया करावी लागली. जगातील उत्तम डॉक्टर ज्यांच्या दिमतीला आहेत त्यांची ही गत असेल, तर लालबागच्या माझ्यासारख्या मुलाने पट्टी आवळून काय साधले?

माझा नियम आता कठोर आहे. माझ्या गाडीवरून पडलेल्या मुलाने मनगट, गळपट्टी किंवा डोके यांपैकी कशाचीही तक्रार केली, किंवा तक्रार न करता गप्प बसला, तरी त्या दिवशी मी त्याला चावी परत देत नाही. डोक्याला मार लागल्यावर थोडा जरी विसर पडला, मळमळले किंवा उजेड सहन होईनासा झाला, तर डॉक्टरांनी लेखी सांगेपर्यंत गाडी बंद. मनगटाचे दुखणे दहा दिवस टिकले तर एक्स-रे स्वच्छ असला तरी एमआरआय करावा. पालक माझ्याशी भांडतात, प्रायोजकाला काय सांगायचे म्हणून विचारतात. दुखापत स्पष्ट सांगितल्यामुळे प्रायोजक गेलेला मी एकही पाहिलेला नाही.

पडलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. शर्यतीसाठी डबल-डी रिंगचाच, म्हणजे दोन कड्यांतून ओवून आवळायचा, पट्टा घ्यावा.

टायरची हवा आणि सेटिंगचा चाळा

रस्त्यावर भरतो तेवढीच हवा घेऊन ट्रॅकवर उतरणे ही नवोदितांची नेहमीची चूक आहे. टायर तापला की आतली हवा प्रसरण पावते, दाब वाढतो, टायरचा जमिनीला टेकणारा भाग लहान होतो आणि पकड जाते. मुले मात्र दोष देतात सस्पेन्शनला. मग एकाच वेळी पुढचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा सुरुवातीचा ताण), मागचे डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरणारे सेटिंग) आणि चेनची गीअरिंग असे सगळे बदलतात, आणि फेरीची वेळ अर्ध्या सेकंदाने सुधारली तरी ती कशामुळे सुधारली हे कोणालाच सांगता येत नाही. मी गेली कित्येक वर्षे हवा मोजायचे एकच मीटर वापरतो, कारण दोन मीटर कधी सारखे दाखवत नाहीत; सत्र संपवून गाडी पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत) शिरताच, टायर गरम असतानाच दाब मोजतो आणि तो वहीत हवामान व फेरीच्या वेळेसह लिहून ठेवतो. एका सत्रात एकच बदल. जो मुलगा वही ठेवत नाही त्याच्या तक्रारीवर मी पान्याला हात लावत नाही, मग तो कितीही वेगवान असो.

पिवळा झेंडा दिसत असताना ओव्हरटेक करू नका. तेथे जमिनीवर कोणीतरी पडलेले असते आणि त्याला उचलायला मार्शल धावलेला असतो. रेडिएटरमध्ये बाजारचे कूलंट घालून शर्यतीला येऊ नका. त्यातले ग्लायकॉल ट्रॅकवर सांडले की मागचे चार जण घसरतात, म्हणून साधे पाणी भरतात. हाताचे स्नायू तिसऱ्याच फेरीत दगडासारखे होत असतील, तर तुम्ही हँडलला लटकत आहात. टाकी गुडघ्यांनी धरा.

वयाबद्दल स्वतःला फसवणे

मोटोजीपीच्या स्पर्धांत २०२३ पासून किमान वय १८ आहे, पण तेथे १८ व्या वर्षी पोचणारी मुले लहानपणापासून छोट्या गाड्यांवर शर्यती करत आलेली असतात. बावीसाव्या वर्षी पहिल्यांदा ट्रॅक पाहणाऱ्याला मी ती स्वप्ने दाखवत नाही. राष्ट्रीय स्पर्धा आहेत, आशियाई स्पर्धा आहेत, आणि रॅलीत तर अनुभवाला वयापेक्षा जास्त किंमत आहे. सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार ही लांब पल्ल्याची जगप्रसिद्ध रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. केरळचा हरित नोआ २०२१ मध्ये तेथे विसावा आला आणि २०२४ मध्ये एकूण अकराव्या स्थानासह रॅली २ वर्गात पहिला आला. ही वर्षे मोजून पाहावीत, एवढेच माझे सांगणे असते.

प्रवासाचा हिशेब न करणे

शर्यतीसाठी उतरवलेल्या गाडीला सहसा नोंदणी नसते. ती टेम्पोनेच न्यावी लागते, आणि मुंबईहून चेन्नई सुमारे १३०० किलोमीटर आहे. तिघांनी मिळून एक टेम्पो ठरवावा आणि तो बुधवारी सकाळी निघालाच पाहिजे, कारण शुक्रवारी दुपारी पोचणाऱ्याचा सराव गेलेला असतो आणि गाडीच्या तपासणीत एखादी उणीव निघाली तर ती भरून काढायला वेळ उरत नाही. मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय फेडरेशनचा परवाना आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आदल्या महिन्यातच हातात असावे. टेम्पोत माझी एक पत्र्याची पेटी असते: दोन ब्रेक लिव्हर, दोन क्लच लिव्हर, फूटरेस्ट, थ्रॉटलची केबल, चेनची लिंक, लॉकवायर (बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार). एका हंगामात आठ रुपयांच्या स्क्रूसाठी रविवारी सकाळी श्रीपेरुंबुदूरमध्ये बंद दुकानांची दारे ठोठावली, तेव्हापासून ती पेटी मी स्वतः भरतो आणि निघण्याच्या आदल्या रात्री यादी हातात घेऊन पुन्हा एकदा तपासतो.