आयटूसी ड्रायव्हरचा पॅच तपासताना

लिनक्स कर्नलमधील एका आयटूसी कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, केलेला बदल (पॅच) तपासण्याचे काम माझ्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा मी बदललेल्या ओळी वरून खाली वाचल्या, दोन चलांची नावे सुधारायला सांगितली आणि मंजुरी दिली. पुढे त्याच पॅचमुळे चाचणीचा बोर्ड अधूनमधून कोसळू लागला. कारण शोधायला चार दिवस लागले. चुकीच्या ओळी माझ्या नजरेखालून गेल्या होत्या, पण उपकरण वेळेवर उत्तर देणारच असे गृहीत धरून मी त्या वाचल्या होत्या.

आयटूसी ही चिपना एकमेकींशी जोडणारी बस फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आणली. तिच्यात डेटाची एक आणि क्लॉकची एक अशा दोनच तारा असतात. रेझिस्टर त्यांना वर खेचून धरतो आणि उपकरण त्यांना फक्त खाली ओढू शकते. उपकरणाला वेळ हवा असेल, तर ते क्लॉकची तार खाली धरून ठेवते आणि तसे करणे नियमाला धरूनच असते. त्यामुळे ड्रायव्हर वाचताना उशीर ही नेहमीची घटना समजावी.

आमच्या पॅचमध्ये घडले ते असे. वाचनाचा व्यवहार सुरू करून ड्रायव्हर एक सेकंद थांबत असे आणि तेवढ्यात काम झाले नाही, तरी परतत असे. बोलावणाऱ्या फंक्शनने मग बफर, म्हणजे डेटासाठी घेतलेली मेमरी, मोकळा केला. त्यानंतर उपकरणाने क्लॉक सोडला, कंट्रोलरने इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) दिला आणि तो हाताळणाऱ्या फंक्शनने, म्हणजे हँडलरने, आलेला बाइट त्या मोकळ्या झालेल्या जागेत लिहिला. वेळ संपल्यावर कंट्रोलरचे इंटरप्ट आधी बंद करायचे, चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबायचे आणि मगच संदेशाचा पॉइंटर (मेमरीतील जागेचा पत्ता) रिकामा करून परतायचे, हा क्रम त्यात नव्हता.

त्याच फंक्शनमध्ये दुसरी चूकही होती. ‘वेट फॉर कम्प्लीशन टाइमआउट’ हे काम होण्याची ठरावीक वेळ वाट पाहणारे कर्नलचे फंक्शन वेळ संपल्यावर शून्य देते, ऋण संख्या कधीच देत नाही. पॅचमध्ये मात्र उत्तर शून्यापेक्षा कमी आहे का, एवढेच तपासले होते. ही चूक नव्या ड्रायव्हरमध्ये मला आजही दिसते, म्हणून ते नाव दिसले की मी तिथेच थांबते.

आता मी आधी चिपच्या डेटाशीटमधील स्टेटस रजिस्टरचे (कंट्रोलरची स्थिती दाखवणाऱ्या बिटांचे) पान उघडते, कारण कोणता बिट वाचल्याने पुसला जातो आणि कोणता एक लिहून पुसावा लागतो, हे कोडवरून कळत नाही. त्यानंतर त्रुटीच्या वाटा वाचते. पत्त्याला उपकरणाने होकार दिला नाही, बसवरच्या दुसऱ्या कंट्रोलरने ताबा घेतला किंवा वेळ संपली, तर प्रत्येक वेळी वेगळा त्रुटी-कोड परत जायला हवा. सरसकट ‘आयओ’ त्रुटी दिल्यास पुन्हा प्रयत्न करावा की नाही, हे वरच्या ड्रायव्हरला ठरवता येत नाही.

ड्रायव्हर काढून टाकण्याची वाट नवोदितांकडून हमखास सुटते. ‘डेव्हएम’ने, म्हणजे संसाधने आपोआप सोडणाऱ्या कर्नलच्या सोयीने, घेतलेला इंटरप्ट ड्रायव्हर काढताना चालणारे रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर सुटतो. त्या फंक्शनने कंट्रोलरला चालवणारा चिपमधला क्लॉक (बसची तार नव्हे) आधीच बंद केला असेल आणि मधल्या क्षणी हँडलर चालला, तर बंद क्लॉकच्या रजिस्टरला हात लावल्याबरोबर अनेक चिपवर पूर्ण यंत्रणा गोठते. इंडेंटेशनसारख्या बाबी ‘चेकपॅच’ ही कर्नलची तपासणी-स्क्रिप्ट सांगतेच. आपला वेळ तिथे घालवू नये.

अभिप्राय लिहिताना मी घटनाक्रमच मांडते: ‘इथे वेळ संपली आणि नंतर इंटरप्ट आला, तर हा पॉइंटर कुठे दाखवत असेल?’ पॅच लिहिणाऱ्याला अशा प्रश्नावर उत्तर शोधता येते. नुसते ‘हे चूक आहे’ म्हटल्याने वाद वाढतो.

पॅचखाली तपासणाऱ्याच्या नावाने लिहायची ‘रिव्ह्यूड-बाय’ ही ओळ वाचून देता येते, पण चाचणी केल्याची ‘टेस्टेड-बाय’ ही ओळ देण्यासाठी बोर्ड समोर हवा. मी व्यवहार चालू असताना डेटाची तार काही सेकंद ग्राउंडला टेकवते. त्रुटी ठरलेल्या वेळात परत येते का, आणि तार सोडल्यावर बोर्ड रीबूट न करता पुढचे वाचन होते का, हे पाहिल्याशिवाय मी ‘टेस्टेड-बाय’ लिहीत नाही.