तळघरातील लोखंडी खांबांना लाकडी आवरण कसे बसवावे

तळघर राहण्याबसण्यासाठी वापरायचे ठरले की मध्येच उभे असलेले लोखंडी खांब डोळ्यांत खुपू लागतात. वरच्या तुळईचा भार त्यांच्यावर असल्यामुळे ते काढण्याचा विचार करता येत नाही. झाकता मात्र चांगले येतात. परंतु आज झाकलेला खांब पुढे कधीतरी पुन्हा तपासावा लागणार आहे, हे विसरून चालत नाही. म्हणून आवरणाच्या चार फळ्यांपैकी समोरची एक फळी गोंदाने न चिकटवता केवळ स्क्रूवर ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे; पुढील सर्व मापे आणि जोडणी ती फळी सहज निघावी हे धरूनच दिली आहेत.

कामाला हात घालण्यापूर्वी खांब नीट पाहून घ्यावा. गंज वरवरचा असेल तर तो तारेच्या ब्रशने खरवडून त्यावर गंजरोधक प्रायमर लावावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. मात्र गंजाचे पापुद्रे सुटत असतील, तळाची प्लेट हलत असेल किंवा खांब नुसत्या नजरेलाही कललेला दिसत असेल, तर आवरणाचे काम तिथेच थांबवून बांधकाम अभियंत्याला दाखवावे. काही खांबांच्या टोकाला उंची कमीजास्त करण्याचा मोठा आटा असतो. त्याला हात लावू नये. खांबाला भोक पाडणे किंवा त्यावर काही वेल्डिंग करणे हेही सर्वस्वी टाळावे, कारण आपले आवरण खांबाभोवती उभे राहणार आहे, खांबावर टांगलेले राहणार नाही.

दुसरा प्रश्न ओलाव्याचा. सुमारे 2 फूट लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा खांबाजवळच्या जमिनीवर अंथरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दोन दिवसांनी पाहावे. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब धरले असतील तर ओल जमिनीतून वर येते आहे, वरच्या बाजूला धरले असतील तर खोलीतील हवाच दमट आहे. पहिल्या स्थितीत ओलीचा बंदोबस्त आधी करावा. एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेला तक्ता) स्वस्त आणि गुळगुळीत असले तरी ओल लागताच त्याच्या कडा फुगतात आणि मग कितीही रंग दिला तरी ते लपत नाही. तळघरासाठी 18 मिमी जाडीचे वॉटरप्रूफ प्लायवुडच घ्यावे. ते कापण्यापूर्वी दोन-तीन दिवस त्याच खोलीत ठेवावे.

मापे घेताना बहुतेकांची नजर खांबाच्या जाडीवर असते, पण आवरणाच्या या पेटीचे आतले माप ठरते ते तळाच्या आणि माथ्याच्या प्लेटवरून. समजा, खांब 90 मिमी व्यासाचा आहे आणि त्याच्या चौकोनी प्लेटची बाजू 150 मिमी आहे. पेटीची आतली रुंदी 160 मिमी धरली, तर दोन्ही बाजूंच्या फळ्या 196 मिमी रुंद, मागची फळी त्यांच्यामध्ये बसणारी 160 मिमी आणि समोरची, सहज निघावी म्हणून, 158 मिमी रुंद कापावी. उंची प्लेटच्या चारही कोपऱ्यांशी वेगवेगळी मोजावी. जमीन आणि छत दोन्ही सपाट असण्याचा योग फार क्वचित येतो. सर्वांत कमी भरलेल्या उंचीतून 12 मिमी वजा करून फळ्या कापाव्यात. वरखाली राहणारी फट पुढे पट्ट्यांखाली झाकली जाते, आणि तीतून आत थोडी हवाही खेळते.

आता खांबाला ओळंबा लावावा. पूर्ण उंचीत खांब पाच-सात मिमीने कललेला निघाला तरी पेटी मात्र ओळंब्यातच उभी करायची असते, आणि ही तफावत सामावून घेण्याचे काम आतले ठोकळे करतात. प्लायवुडचे 160 मिमी रुंद आणि 157 मिमी खोल असे तीन चौकोन कापावेत, प्रत्येकात त्या त्या उंचीवर खांब जिथे येतो तिथे जिगसॉने (बारीक उभ्या पात्याच्या विजेच्या करवतीने) 96 मिमी व्यासाचे भोक पाडावे आणि मग चौकोन भोकाच्या मधोमध, मागच्या कडेला समांतर कापून त्याचे दोन भाग करावेत. भोकाच्या आतल्या कडेला 3 मिमी जाडीची रबरी पट्टी चिकटवली की ठोकळा खांबाला बेताने धरतो आणि ठोकले तरी पेटी खडखडत नाही.

मागची फळी आणि बाजूच्या दोन फळ्या जमिनीवरच जोडून घ्याव्यात. सांध्याला लाकडाचा गोंद लावावा, क्लॅम्पने आवळण्यापूर्वी गुण्याने काटकोन तपासावा, आणि बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसावा, कारण वाळलेल्या गोंदावर पॉलिश धरत नाही. ठोकळ्यांचे मागचे भाग जमिनीपासून 300 मिमीवर, मध्यावर आणि छताखाली 300 मिमीवर असे आतून स्क्रूने बसवावेत. बाजूच्या फळ्यांना समोरच्या कडेपासून 21 मिमी आत 25 मिमीच्या उभ्या पट्ट्या लावाव्यात. समोरची फळी या पट्ट्यांवर टेकून कडेपेक्षा 3 मिमी आत बसते. या खोलगट रेघेमुळे सांधा मुद्दाम ठेवल्यासारखा दिसतो. फळी सपाटीला आणून सांध्यात लांबी (पुट्टी) भरली तर रंगाला तडा जातो. पट्ट्या मात्र सलग लावू नयेत. ठोकळ्यांच्या ठिकाणी 20 मिमीची फट सोडावी आणि प्लेटपासून वरखाली 50 मिमी अंतर राखावे. पहिल्या खांबाच्या वेळी मी पट्ट्या जमिनीपर्यंत आणल्या होत्या. त्या प्लेटच्या कोपऱ्यांवर अडल्या आणि वाळलेल्या गोंदातून पटाशीने तोडून काढाव्या लागल्या.

उभी करण्यापूर्वीच पेटीला आतून प्रायमरचा एक हात द्यावा आणि फळ्यांच्या खालच्या कापलेल्या कडांना दोन, कारण ओल तिथूनच सर्वांत आधी शिरते. मग ही तीन बाजूंची पेटी मागून खांबावर सरकवावी, प्लास्टिकच्या चकत्या खाली घालून ती जमिनीपासून सुमारे 6 मिमी उचलावी आणि दोन बाजूंनी ओळंब्यात आणावी. ठोकळ्यांचे पुढचे भाग फटींतून आत सरकवून लहान एल क्लिपांनी बाजूच्या फळ्यांना पक्के करावेत. शेवटी समोरची फळी 35 मिमीच्या स्क्रूंनी पट्ट्यांवर बसवावी. 3 मिमीचे भोक आधी पाडून घेतले तर पट्टी चिरत नाही. स्क्रूंची डोकी लांबीने बुजवण्याचा मोह अनेकांना होतो, पण पितळी वाशर घालून ती उघडी ठेवणे मला अधिक प्रामाणिक वाटते, आणि ते दिसतेही बरे.

तळाशी 100 मिमी उंचीचे स्कर्टिंग आणि माथ्यावर बिडिंग पट्टी लावून फटी झाकाव्यात. बिडिंग छताला ठोकू नये, पेटीलाच ठोकावी, म्हणजे वरच्या मजल्याच्या हालचालीने ती उखडत नाही. समोरच्या बाजूचे स्कर्टिंग आणि बिडिंग हेदेखील दोन-दोन स्क्रूंवरच ठेवावे. रंगाचा किंवा पॉलिशचा शेवटचा हात देताना समोरची फळी काढून वेगळी रंगवावी. जागेवरच रंगवली तर रंग सांध्यात उतरून वाळतो आणि फळी चिकटून बसते.