बी वाटण्याआधी न्हाणीचं पाणी बघा

आधी माझी चूक सांगते. कृषी सखीचं, म्हणजे गावातल्या बायांना शेती-परसबाग शिकवणाऱ्या बाईचं, प्रशिक्षण घेऊन आले तेव्हा अंगात नुसता उत्साह होता. बचत गटाच्या बैठकीत चाळीस बायांना भेंडी, पालक, मेथी, दोडक्याच्या पुड्या वाटल्या, फोटो काढला, टाळ्या झाल्या. दोन महिन्यांनी घरोघर फिरले तर सहा अंगणांत काहीतरी हिरवं होतं. बाकी पुड्या देवळीत, डब्याच्या मागे, एक तर पोराच्या दप्तरात सापडली. एका आजीला विचारलं, तर म्हणाली, "प्यायले पानी नाही वं बाई, झाडाले कोठून आनू?" आमचं गाव यवतमाळकडचं, नळ तिसऱ्या दिवशी येतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण बी देताना मी कुणालाच पाण्याचं विचारलं नव्हतं.

म्हणून आता 'उमेद'च्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटात पोषण परसबागेचं, म्हणजे घरच्या ताटासाठी अंगणात भाजी लावायचं काम नव्यानं हाती घेणाऱ्या सखीला मी एकच सांगते. पहिला आठवडा बियांचं नावही काढू नका. वही घेऊन प्रत्येक घराच्या मागे जा आणि न्हाणीचं पाणी कुठे जातं ते बघा. रोज अंघोळीचं पाणी सांडतंच, ते बहुतेक ठिकाणी गल्लीत चिखल करतं. त्या वाटेवर हातभर खोल खड्डा खणा, तळाला विटांचे तुकडे, वर बारीक गिट्टी, वर वाळू. तिथून पाणी पुढे निघतं ते केळी, अळू, पपई, शेवग्याला लावा. पालेभाजीच्या वाफ्यात हे पाणी सोडू नका. मेथी-पालकाला भाजी, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी ठेवायचं. कपड्यांचं पहिलं साबणाचं पाणी कशालाच नको, शेवटचं खळबळलेलं चालतं. एवढं हिशेबात बसलं की बाई स्वतःच विचारते, "मग बी कवा देता?"

वेळही महत्त्वाची. पावसाळ्याच्या तोंडाला परसबाग सुरू करा असं सगळे सांगतात, आणि झाडांच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण त्या दिवसांत बाया लावणीला, निंदणाला जातात, सकाळी सातला घराबाहेर. तुमचा वर्ग ऐकायला येणार कोण? मी पोळ्यानंतर सुरू करते. निंदण सरलेलं असतं, कापूस वेचायला अजून वेळ असतो आणि जमिनीत ओल असते. शिवाय नवरात्र जवळ. घटाला माती घालून धान्य पेरायला कुणाला शिकवावं लागत नाही. मी तेच धरते. जुनं बी असेल तर ओल्या फडक्यात दहा दाणे गुंडाळून ठेवायला सांगते. सातपेक्षा कमी उगवले तर ते बी दाट पेरायचं किंवा सोडून द्यायचं. "घट उगवला नाही तर मनाला लागतं ना, मग हे आधीच बघा," म्हटलं की पटतं.

शिकवणं बैठकीत सतरंजीवर करू नका. एका घरचं अंगण निवडा. घर रस्त्यावरून दिसणारं हवं आणि बाई साधी, स्वतःची विहीर नसलेली. विहीरवालीकडे बाग फुलली तर बाकीच्या म्हणतात, तिचं काय, तिच्याकडे पाणी आहे.

वर्तुळाकार बाग तुम्ही पाहिली असेल. मध्ये काडीकचऱ्याचा खड्डा, भोवती सात वाफे, रोज एका वाफ्यातली भाजी. मोठं परस असेल तर छानच. पण आमच्याकडे बऱ्याच घरांना आठ बाय दहा फूट जागा, त्यातही शेळी बांधलेली. तिथे वर्तुळाचा हट्ट कशाला? भिंतीला धरून दोन फूट रुंदीचे दोन वाफे काढा. बाहेर उभं राहूनच भिंतीपर्यंत हात पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडला की माती बसली. शेणखत जुनं, भुसभुशीत, वास नसलेलं घ्या. ओलं शेण घातलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी दोन्ही येतात.

पहिली भाजी मेथीच. तिचं कारण चवीचं नाही, दिवसांचं आहे. पंचवीस दिवसांत जुडी हातात येते आणि तेवढाच बायांचा धीर असतो. दाणे रात्रभर भिजवा, ओळीत पेरा, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती लोटा, वर ओलं पोतं टाका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरे कोंब दिसले की संध्याकाळी पोतं काढा. दुपारी काढलं तर कोंब करपतात.

सांभाराचं (तुमची कोथिंबीर) मात्र वेगळं. अख्खा धना पेरू नका. पाटावर टाकून वरून वाटीनं हलकं रगडा, दाण्याच्या दोन फाका झाल्या की पुरे, भुगा नको. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. सहाव्या दिवशी हमखास कुणीतरी बोटानं उकरून बघते आणि मोड मोडते. हे आधीच बजावून ठेवा. मी तर वाफ्यात काडी खोचून त्यावर चिंधी बांधते. चिंधी मी येऊन सोडेपर्यंत हात लावायचा नाही.

भेंडी फुटभर अंतरावर, एका ठिकाणी दोन दाणे. दोडका-कारलं कुंपणाला. कोहळ्याचा वेल उकिरड्याच्या कडेला लावून टिनावर (पत्र्याच्या छपरावर) चढवा, त्याला तुमच्या कौतुकाची गरज नाही.

कुंपणाचं विसरू नका. शेळी एका सकाळी महिन्याची मेहनत खाते. बोराट्या (बोरीच्या काटेरी फांद्या) सगळ्यात पक्क्या, पण तोडून आणायला हात सोलतात. जुन्या साड्या बांबूला ताणून बांधल्या तर कोंबड्या आणि शेळ्या थांबतात. वानर थांबत नाही. आमच्याकडची वानरं टोमॅटो, भेंडी, वालाच्या शेंगा एकही सोडत नाहीत, कारलं, मिरची, अळू यांना सहसा हात लावत नाहीत. ज्यांच्या टिनावर टोळी रोज येते त्यांना मी आधी तेच लावायला देते.

मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला की बाई थेट दुकानात जाते, नाहीतर कपाशीवरचं औषध घरात असतंच. तिथे ठाम राहा. पाच-सहा दिवसांत पोरांच्या ताटात जाणाऱ्या भाजीवर ते नको. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा भरडा थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा, एकूण लिटरभर करा, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं मारा. किडीची वाट न बघता आठवड्यानं पुन्हा मारा. खतासाठी जीवामृत लहान मापात करा. दहा लिटर पाणी, अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन शंभर-शंभर ग्रॅम, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळा. तिसऱ्या दिवशी तयार, आठवड्यात संपवा. सप्टेंबरात पोषण माह (सरकारचा पोषणाच्या प्रचाराचा महिना) येतो, सगळीकडे फोटो काढले जातात, त्या गर्दीत ढवळायचं राहून जातं. माझं राहिलं होतं, असा वास सुटला की अंगणवाडीच्या मागे दोन दिवस कुणी फिरकलं नाही.

आता बी. दर वर्षी पुडीची वाट बघणारी बाग टिकत नाही. प्रत्येक जातीचं एक-दोन निरोगी झाड निवडून लाल दोरा बांधा. त्या झाडाची भाजी तोडायची नाही, सासूनं सांगितलं तरी नाही. भेंडी झाडावरच वाळून चिरा पडू द्या. दोडका हलवला की आत खुळखुळ वाजला पाहिजे. बी सावलीत सुकवून राखेत मिसळा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दुकानातल्या पुडीवर 'संकरित' लिहिलेलं असेल तर त्याचं बी धरू नका, पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावठी बियाणं जपल्याबद्दल, हे मी बायांना दर वेळी सांगते. शाळेत न गेलेली बाई म्हटल्यावर मागच्या ओळीतल्या पुढे सरकतात.

आमच्या गटात नियम आहे. एक वाटी बी नेलं तर हंगामानंतर दोन वाट्या परत, वहीत नाव आणि अंगठा. त्या पाणी नाही म्हणणाऱ्या आजीच्या नावावर अजून दोन वाट्या दोडक्याचं बी बाकी आहे. मागायला गेलं की चार कोवळे दोडके हातात देते आणि म्हणते, "बी पुढच्या खेपेले." ते चार दोडके वहीत कुठल्या रकान्यात लिहायचे ते मला अजून जमलेलं नाही.