छत शिवा, पिशवी वेल्ड करा: हलक्या सामानाचे सांधे घरी कसे करावेत

आषाढात पालख्या सोलापूर जिल्ह्यात आल्या की नातेपुते, माळशिरस, वेळापूरच्या मुक्कामांवर पाऊस कधी गाठेल याचा नेम नसतो. अशा वेळी पाठीवर सहज नेता येईल असं छत आणि कपडे कोरडे ठेवणारी पिशवी, दोन्ही घरी करता येतात. छत शिवायचं, पिशवी वेल्ड करायची, म्हणजे कापडावरचा लेप इस्त्रीने वितळवून काठ जोडायचे. उलटं केलं तर पिशवी गळते आणि छत उकलतं.

का, ते टेबलावर पाहा. चिकटपट्टीचा तुकडा दाबून बसवा, एक टोक मोकळं ठेवा. टोक टेबलाला समांतर ओढलं तर पट्टी हटत नाही. तेच टोक वर उचललं की सरसर सुटते. वेल्डिंगचा सांधा असाच वागतो: सरळ ओढ पेलतो, सोलणारी ओढ पेलत नाही. शिवणीचा प्रत्येक टाका स्वतंत्र धरतो, पण प्रत्येक टाका म्हणजे एक भोकही.

आधी लेप ओळखा

हलक्या नायलॉन-पॉलिस्टरवर पाणी अडवणारा लेप असतो, सहसा या तीनपैकी एक. कापडाला साधी चिकटपट्टी लावून बघा. दोन्ही बाजूंनी लगेच गळून पडली आणि कापड हाताला निसरडं लागलं, तर सिलिकॉन. त्यावर सीम टेप (शिवणीवर चिकटवायची जलरोधक पट्टी) चिकटत नाही आणि ते वेल्डही होत नाही. शिवायचं आणि सिलिकॉननेच बुजवायचं. एक बाजू किंचित चकचकीत आणि पट्टी तिथे धरते, तर बहुधा पीयू (पॉलियुरेथेन). त्याला शिवण आणि आतून टेप. टीपीयूचा (उष्णतेने वितळणाऱ्या पॉलियुरेथेनचा) लेप जाडसर, रबरासारखा लागतो आणि तोच उष्णतेने जुळतो. खरेदी करतानाच लेप विचारून घेतलेला बरा.

छत

दीड मीटर पन्ह्याचं, दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलेलं पॉलिस्टर ६ मीटर घ्या. ३ मीटरचे दोन तुकडे लांबीने जोडले की जवळजवळ ३ बाय ३ मीटर छत होतं. ४५ जीएसएमचं (चौरस मीटरला ४५ ग्रॅम) कापड असेल तर वजन साधारण ४०० ग्रॅम. नायलॉन भिजलं की सैल पडतं आणि रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात, म्हणून पॉलिस्टर.

जीन्सच्या पायाला असते तशी घडीची दुहेरी शिलाई घाला. खालचा तुकडा वरच्यापेक्षा १२ मिमी बाहेर ठेवा, तो भाग वरच्या काठावर दुमडा आणि पहिली शिलाई मारा. कापड उघडा, उभी राहिलेली पट्टी एका बाजूला झोपवा, तिच्या मोकळ्या कडेवर दुसरी शिलाई. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारागीर ही शिलाई डोळे झाकून घालतात. पण त्यांना सुई आणि टाका आधी सांगा. सुई १२ नंबर, नवी. दोरा पॉलिस्टर; सुती दोरा पाणी ओढतो आणि कुजतो. टाका ३ मिमी, म्हणजे इंचाला आठ-नऊ. टाके बारीक केले की शिवण मजबूत होत नाही, पोस्टाच्या तिकिटासारखी तिथेच फाटते. टाचण्या लावू नका, क्लिपा लावा. चुण्या पडल्या तर दोऱ्याचं टेन्शन सैल करा. निसरडं कापड मागून-पुढून हलकं ताणून धरा.

कोपऱ्यांवर त्याच कापडाचे दुहेरी ठिगळ आणि नाडीची फास शिवा. सगळी ओढ तिथेच येते. काळी माती भिजली की खुंट्या धरत नाहीत, तेव्हा लांब खुंट्या घ्या.

आता भोकं बुजवायची. शंभर टक्के सिलिकॉन सीलंट, हार्डवेअरच्या दुकानातलं आंबूस वासाचं, पारदर्शक. एक भाग सीलंट, तीन भाग मिनरल टर्पेंटाइन. ढवळून पळीवाढी झालं पाहिजे. तीन मीटर शिवणीला १० ग्रॅम सीलंट पुरतं. अर्ध्या इंची ब्रशने बाहेरून, दोन्ही शिलायांवर लावा. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी लावलं तर टर्पेंटाइन भोकात उतरण्याआधीच उडून जातं. संध्याकाळी, हवेशीर जागी, चुलीपासून लांब बसा. २४ तास वाळू द्या. मग चिकटपणा राहिला तर टाल्कम पावडर फासा, नाहीतर घडी आतल्या आत चिकटते.

पिशवी

इथे सगळ्यात जास्त कापड वाया जातं ते एका चुकीने. टीपीयू बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो. काठावर काठ चढवला की लेपासमोर उघडं कापड येतं आणि सांधा धरत नाही. लेपाला लेप लावून काठ उभे जोडले तर धरतो, पण पिशवी फुगली की तोच सांधा सोलला जातो. म्हणून दोन्ही बाजूंनी लेप असलेलं कापड घ्या आणि काठ २५ मिमी एकमेकांवर चढवा. एकाच बाजूचं असेल तर दोन काठ शेजारी ठेवून आतून टीपीयूची पट्टी बसवा.

काठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. वाफ बंद केलेली इस्त्री, मध्ये बेकिंग पेपर. आच कमी ठेवून टाकाऊ तुकड्यावर सुरुवात करा, एकेक पायरी वाढवा. जोडलेलं तापल्या तापल्या लाकडी लाटण्याने दाबा आणि पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका. गार झाल्यावर हाताने सोला: लेप कापडावरून उखडून आला तर आच बरोबर. दोन लेप स्वच्छ वेगळे झाले तर आच कमी पडली. कापड आक्रसलं, पिवळं पडलं तर जास्त झाली. ट्रकच्या ताडपत्र्या जोडणाऱ्याकडे हे काम देऊ नका; त्याची हॉट एअर गन जाड पीव्हीसीसाठी लावलेली असते, पातळ नायलॉन जाळून टाकते.

पिशवीचं तोंड तीनदा गुंडाळून हवा कोंडा आणि बादलीत बुडवून दाबा. बुडबुडे येतील तिथे पेनाने खूण करा, वाळवा, पुसा, आतून टीपीयूची पट्टी लावून पुन्हा इस्त्री फिरवा.