फॉरमॅट मारण्याआधी रॅम कशी तपासावी

पीसी मधूनच निळा स्क्रीन दाखवतो किंवा आपोआप रीस्टार्ट होतो, अशी तक्रार घेऊन गेले की दुकानातला पहिला उपाय बहुधा ठरलेला असतो: फॉरमॅट मारा. रॅम सदोष असेल तर हा उपाय उलटा पडतो. विंडोजच्या नव्या फाइल त्याच रॅममधून डिस्कवर जातात आणि इन्स्टॉलेशन मुळातच बिघडू शकते.

रॅमवर संशय कधी घ्यावा? एरर दर वेळी वेगळी येत असेल तेव्हा. आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, परवा नुसताच ब्राउझर बंद. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला डेटा मूळ डेटाशी जुळत नाही, असा इशारा) येते आणि पुन्हा उघडली की येत नाही, हे लक्षण तर फारच बोलके. एकाच गेममध्ये ठरावीक जागी अडत असेल, तर आधी ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्डसारखे भाग चालवणारे सॉफ्टवेअर) पाहा.

तपासणीआधी महत्त्वाच्या फाइलची कॉपी घ्या, मात्र जुन्या बॅकअपवर ती लिहू नका. कॉपीही याच रॅममधून जाते.

विंडोजमधले ‘मेमरी डायग्नोस्टिक’ झटपट होते, पण त्यात काही सापडले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस यांपैकी एक मोफत प्रोग्राम रिकाम्या पेनड्राइव्हवर टाका (त्यावरचा डेटा पुसला जातो), पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडा आणि किमान ४ पास, म्हणजे सगळ्या चाचण्यांच्या पूर्ण फेऱ्या, होऊ द्या. १६ जीबीला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवलेले बरे. कॅबिनेट बंदच ठेवा: काही स्टिक (रॅमच्या पट्ट्या) तापल्यावरच चुकतात आणि उघड्या कॅबिनेटवर पंखा सोडला की दोष लपतो.

एक एररसुद्धा जास्तच. अपवाद मेमटेस्ट८६ मधल्या शेवटच्या हॅमर टेस्टचा; ती मेमरीच्या त्याच ओळी मुद्दाम पुन्हा पुन्हा वाचून शेजारच्या ओळी बिघडतात का हे पाहते. फक्त तिथेच एरर आल्या, तर रोजच्या वापरात त्रास होण्याची शक्यता कमी असते.

एरर आली की लगेच नवी रॅम आणायला धावू नका. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून पुन्हा चाचणी घ्या. डीडीआर४ चा मूळ व्होल्टेज १.२, एक्सएमपीत तो बहुतेकदा १.३५ होतो आणि वेगही वाढतो. बंद केल्यावर एरर थांबल्या, तर तो वाढीव वेग या सिस्टिमला झेपत नाही. रॅमचा वेग कमी करून, उदाहरणार्थ ३६०० ऐवजी ३२०० वर, चालवून पाहा. चार स्टिक लावल्या असतील तर हे हमखास आठवा.

तरीही एरर येत असेल तर पीसी बंद करून वायर काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि मगच स्टिक काढा. सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास आहे, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये अडकतो. आता एकेक स्टिक, मॅन्युअलने सांगितलेल्या स्लॉटमध्ये लावून तपासा. बहुतेक बोर्डांवर तो प्रोसेसरपासून दुसरा असतो. तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावूनही नापास झाली, तर स्टिक खराब. एका स्लॉटमध्ये सगळ्याच नापास, तर स्लॉट, प्रोसेसर सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा जास्त आवळलेला कूलर बघावा लागेल. लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल, तर हे घरी जमणारे काम नाही.

बऱ्याच कंपन्यांची रॅमवर मर्यादित लाइफटाइम वॉरंटी असते. जोडी म्हणून घेतलेल्या स्टिक बहुधा जोडीनेच परत मागतात.

नवी रॅम आली की पुन्हा ४ पास चालवा. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएफसी स्कॅननाऊ’ (sfc /scannow) कमांडने विंडोजच्या फाइल दुरुस्त करा. तुमचे फोटो आणि हिशेबाच्या फाइल ती दुरुस्त करत नाही. बिघाडाच्या काळात सेव्ह केलेल्या फाइल एकेक उघडून, जुन्या बॅकअपशी ताडून पाहाव्या लागतात.