गिरणीचं संग्रहालय करताय? या चुका टाळा

कापडगिरणीची जुनी इमारत ताब्यात आली की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. सिमेंटचा गिलावा मारायचा, वर चकचकीत ऑइलपेंट. उद्घाटनाचे फोटो झकास येतात आणि दोन पावसाळ्यांत त्याच भिंतीला लोणा लागतो. चुन्यात बांधलेली वीट ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बुजवली की क्षार आतल्या आत विटेला खातात. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करा, पण त्याआधी पाणी येतंय कुठून ते शोधा.

बहुतेक वेळा ते छपरातून येतं. गिरणीचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असतं. काचा उत्तरेकडे, म्हणजे डोळ्यांवर ऊन न येता दिवसभर सारखा उजेड. दोन दातांमधली पन्हळ तुंबली की पाणी थेट यंत्रांवर. मे महिन्यात पन्हळी साफ करा. गळती थांबवायची म्हणून काचांवर पत्रे ठोकू नका, ती इमारतीची ओळख आहे. त्या उजेडात यंत्रं ठेवा. कापड, मस्टर (हजेरीपट), फोटो मात्र आतल्या बंद खोलीत हवेत. कापडाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड नको, रंग उडतात.

आता मला सगळ्यात खटकणारी चूक. काचेच्या पेटीत धोटा (मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारं साधन) ठेवलेला, खाली पाटी: ‘धोटा. लाकूड व लोखंड.’ झालं! अहो, त्या धोट्याच्या कडेला एक बारीक भोक असतं. आतली सुताची कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचं टोक त्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. ते सूत उष्टं होतं, त्यातून विटाळ होतो, या सबबीवर मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगारांना विणाई खात्यात शिरू देत नसत, आणि विणकराचा पगार तर चांगला. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. एवढं सगळं त्या भोकात आहे, आणि आपण धोटा उलटा ठेवतो. भोक समोर येईल असा ठेवा, वर भिंग लावा, पाटी चार ओळींची करा.

माग नुसता पुसून उभा करणं हीसुद्धा चूकच. अमेरिकेतल्या लोवेल गावात बूट कॉटन मिल्सचं संग्रहालय १९९२मध्ये उघडलं. तिथे विणाई खात्यात ८८ माग आहेत. ते चालतात तेव्हा पाहुण्यांच्या कानात बोळे घालायला देतात. आपल्याला ८८ नकोत, दोन पुरे. पण उद्घाटनाला फिरलेला माग सहा महिन्यांत बंद पडतो, कारण अंदाजपत्रकात जॉबरचा, म्हणजे माग चालता ठेवणाऱ्या मिस्त्रीचा पगारच नसतो. आणखी एक तसाच माग सुट्या भागांसाठी ठेवा. मिस्त्री मिळत नसेल तर इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत विचारा, धोट्याचे माग तिथे अजून खडखडतात.

मालकाच्या तैलचित्राला मोठं दालन आणि कामगार जिन्याखाली, हे नको. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले हजारो जण खानावळीवाल्या बायांच्या हातचं जेवले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पोळपाट-लाटणं आणि डबा हेही गिरणीचंच सामान समजा.

मुलाखती ‘नंतर घेऊ’ म्हणू नका. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा पंचविशीत असलेला माणूस आज सत्तरीच्या घरात आहे. त्याला खुर्चीत बसवून ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हटलंत तर तो भाषण करेल. हातात बॉबिन (सुताची रिळी) द्या, मागाजवळ उभं करा. आधी हात बोलतील, मग तोंड.

आणि कागद. बदली कामगाराचा पास, पगाराच्या पावत्या ‘संग्रहालयाला दान द्या’ म्हणून मागायला गेलात तर घरचे दार लोटून घेतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. गिरणी कामगारांना मिळणाऱ्या म्हाडाच्या (सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या) घरासाठी गिरणीत काम केल्याचा पुरावा म्हणून तोच कागद लागतो. स्कॅनर पिशवीत घालून त्यांच्याच घरी जा, समोर बसून स्कॅन करा आणि मूळ कागद त्यांच्या हातात परत देऊन या.