टी-चाचणीत पी ०.८ च्या खाली येईना: चूक सूत्राच्या चौथ्या जागी होती

बीकॉमच्या प्रोजेक्टसाठी एका शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात दहा जिनसांचे भाव टिपले, त्याच सकाळी मैत्रिणीने पणजीत तेच दहा. पणजी महाग हे नुसतं बघूनही कळत होतं, तरी टी-चाचणीत (दोन सरासरींमधला फरक तपासणारी चाचणी) पी, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.८ च्या वर. आकडे पुन्हा टाइप केले, मिरची वगळून पाहिली. दोन रात्री डोकं पिकलं.

मी दोन स्वतंत्र नमुन्यांची चाचणी लावत होते, म्हणजे दोन्हीकडचे भाव एकमेकांशी संबंध नसलेले धरत होते. तांबड्या भाजीची जुडी २० रुपये, सुक्या मिरच्या दीडशेच्या घरात; एवढ्या चढउतारात ३ रुपयांचा फरक बुडणारच.

मग असं केलं. एका ओळीत एकच जिन्नस, शेजारी म्हापसा, त्याशेजारी पणजी. चौथ्या रकान्यात पणजी वजा म्हापसा: २, ४, ३, ५, ०, ४, २, ६, ३, १. शून्य परिकल्पना (चाचणी जे गृहीतक खोडू पाहते ते) नव्याने लिहिली: सरासरी फरक शून्य. एक्सेलच्या टी.टेस्ट सूत्रात भावांचे दोन रकाने, तिसऱ्या जागी २ (फरक दोन्ही दिशांनी तपासायला), आणि चौथ्या जागी ३ होता तिथे १, म्हणजे जोडीची चाचणी. पी ०.००१ च्या खाली!

हाताने ताळा: फरकांची सरासरी ३, प्रमाण विचलन (फरक सरासरीभोवती किती पसरलेत) १.८२६, भागिले दहाचं वर्गमूळ, ०.५७७. टी म्हणजे ३ भागिले ०.५७७, ५.२०; स्वातंत्र्यमात्रा (जोड्या वजा एक) ९, तक्त्यात ५ टक्क्यांना २.२६२, माझा टी त्याहून बराच मोठा.

पी आवडला नाही म्हणून चाचणी बदलली असं सरांना वाटू नये, म्हणून जोड्या भाव टिपतानाच ठरल्या होत्या हे अहवालात आधीच लिहिलं. जिनसा मात्र मीच निवडलेल्या, तेव्हा अख्ख्या बाजाराबद्दल काही म्हटलं नाही.